दोन टक्के

मी खोटे दात करतो.
म्हापशात, बाजारामागच्या जिन्याखाली माझी लॅब,
तीन डॉक्टर मापं पाठवतात,
मेणाचा नि अ‍ॅक्रिलिकचा वास
जेवणाच्या डब्यात शिरून बसतो.

रात्री शटर अर्धं ओढतो
आणि शिशाचे शिपाई मांडतो.
बोटाच्या दोन पेरांएवढे,
एकाच पलटणीतले,
कारखाना बुडाला त्याच्या आदल्या वर्षी ओतलेले.
चाळीस असायला हवेत.
ढोलवाला नाही.

मे महिन्यात एका रात्री तो फोनवर दिसला.
किंमत अशी की चष्मा पुसून पुन्हा वाचावी.
मागे जाळीचा पडदा, निळसर, एका कडेला उसवलेला.
हाच पडदा मी आणखी दोघांकडे पाहिला होता,
एक म्हणे इंदूरचा, एक म्हणे कोचीचा.
एका खिडकीत तीन शहरं राहत होती.

मी लिहिलं : बाब, तळाचा फोटो धाड,
शेजारी आगपेटीची काडी ठेव.
उत्तर आलं : शंभर टक्के ओरिजिनल, सर.
काडी आली नाही.

तरी घेतला.
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

कुरियरचा रॉयस्टन जिन्यावरून वाकून म्हणाला,
एवढासा डबा नि एवढी टेप!
तो गेल्यावर दिवा खाली ओढला.
दाताचं सोनं तोलायच्या काट्यावर ठेवला :
दीड ग्रॅम कमी.
हनुवटीखाली हवेचा फोड, टाचणीच्या टोकाएवढा.
कानापासून टाचेपर्यंत साच्याची शिवण,
कुणी कानस फिरवायचीही तसदी घेतली नव्हती.
ढोलाच्या दोऱ्या एकमेकींत विरघळलेल्या,
पापण्या तर नाहीतच.
डोळे मिटून वाजवतो आहे.

मग उंची.
ओतलेल्यावरून पुन्हा साचा घेतला
की पुढचा जरासा आखूड निघतो.
हे मला कुणी शिकवायला नको,
धातू निवताना आकसतो,
म्हणून आम्ही फुगणारी माती वापरतो,
नाहीतर दाढेवरची एक टोपी बसली नसती
या अख्ख्या बार्देशात.
याच्यासाठी कुणी माती फुगवली नव्हती.
दोन टक्के.
रांगेत उभा केला तर टोपीची ओळ तिथेच मोडते.

दुसऱ्या दिवशी इनासिनबाई कवळी न्यायला आली.
आरशात हसली, बाजूला वळून हसली,
खरे वाटतात मरे?
म्हटलं, खऱ्यासारखे.
तेवढ्यावर खूश. देव बरें करूं म्हणाली,
आता बांगड्याचा काटा चावून दाखवते.
तिला ठाऊक, मला ठाऊक,
बांगड्यालाही कळेल.
बिलावर मी फक्त लिहिलं : वरची कवळी, एक.

पैसे परत मागितले नाहीत.
परत पाठवला असता तर पुन्हा
त्याच पडद्यापुढे उभा राहिला असता,
दुसऱ्या कुणाची रात्र खायला.
बारीक ड्रिल लावलं
आणि तळावर कोरलं : नक्कल.
माझ्यामागे हे कपाट कुणी विकायला काढलं
तर निदान उलटून बघेल.
ड्रिल हातात होतंच.
पापण्यांच्या जागी टोक नेलं,
क्षणभर धरलं, काढून घेतलं.
दात असते तर केले असते.

काल रात्री पुन्हा तोच पडदा.
ढोलवाला, शेवटचा नग, किंमत पन्नासने कमी.
सवयीनं लिहिलं : काडी ठेव.
आणि या खेपेस, देवाशपथ, फोटो आला.
मी मोठा करकरून पाहिला.
लाल गूल, एका बाजूला किंचित ओघळलेलं,
लाकडावर उभी रेघ.

काडी अस्सल होती.